पार्श्वभूमी : 'परिपूर्ण भिंगा'चा वाद आणि सपाट भिंगांची वाट

कोलकात्यात १८९८ मध्ये पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून विद्युतचुंबकीय तरंग सोडले गेले, तेव्हा त्यांच्या ध्रुवणाची, म्हणजे कंपनाची, दिशा वळली. पीळ उलटा दिला की दिशाही उलटी वळे. हा गुण तागाचा नव्हता, पिळाचा होता. पदार्थ कशाचा आहे यापेक्षा त्याची घडण कशी आहे यावर तरंगांचे वागणे ठरवायचे, ही मेटामटेरियलची मूळ कल्पना. शब्द मात्र १९९९ चा.

मधल्या काळातला एकच टप्पा इथे महत्त्वाचा. १९६७ मध्ये एका सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने कागदावर मांडले की, पदार्थाचा विद्युत प्रतिसाद आणि चुंबकीय प्रतिसाद दोन्ही ऋण असतील तर अपवर्तनांकही (पदार्थात शिरताना किरण किती वळतो ते सांगणारा आकडा) ऋण येईल. किरण स्तंभिकेच्या ज्या बाजूने आला त्याच बाजूला वळेल आणि सपाट पाटीसुद्धा भिंगाचे काम करेल. असा पदार्थ निसर्गात सापडेना, म्हणून गणित तीन दशके पडून राहिले. मग धातूच्या बारीक तारांची जाळी विद्युत प्रतिसाद ऋण करते (१९९६) आणि फट ठेवलेली कडी चुंबकीय प्रतिसाद ऋण करते (१९९९), हे दाखवले गेले. कॅलिफोर्नियात दोन्ही एकत्र बसवली गेली आणि २००१ मध्ये अशा प्रिझममधून मायक्रोवेव्ह खरोखरच उलट्या बाजूला वळल्या.

याच सुमारास, २००० मध्ये, एका ब्रिटिश सिद्धान्तकाराचा शोधनिबंध आला आणि त्यातल्या 'परिपूर्ण भिंग' या शब्दाने पुढची काही वर्षे गाजवली. साध्या भिंगाला साधारण अर्ध्या तरंगलांबीहून बारीक तपशील दिसत नाही, कारण तो तपशील वाहून नेणारे तरंग वस्तूपासून थोड्याच अंतरावर विरून जातात. अपवर्तनांक उणे एक असलेली पाटी हे विरणारे तरंग पुन्हा वाढवते आणि तपशील जसाच्या तसा पलीकडे पोहोचवते, असा तो दावा.

२००२ मध्ये त्यावर दोन आक्षेप आले. पहिला थेट मुळावर होता : खरा संदेश अनेक वारंवारितांचा बनलेला असतो आणि अशा तरंगगटाची आघाडी धन कोनातच वळते, म्हणजे ऋण अपवर्तन हा भासच. उत्तर आले की आघाडीचे तोंड एका दिशेला आणि ऊर्जेची वाट दुसऱ्या दिशेला असू शकते. २००३ मध्ये स्वतंत्र प्रयोगांत कोन पुन्हा मोजले गेले, ते ऋणच निघाले आणि हा मुद्दा संपला.

दुसरा आक्षेप ऊर्जेचा होता. धातू प्रकाश शोषतो, आणि तेवढ्याने विरणाऱ्या तरंगांची वाढ अडते. पाटीची विभेदनक्षमता (बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता) थोडीशी वाढवायची तरी शोषण अनेक पटींनी घटवावे लागते, हे गणितातून लवकरच स्पष्ट झाले. पहिला आक्षेप चुकला म्हणून दुसऱ्यालाही 'खोडून काढलेला' समजणे हा मोठा अन्याय आहे. या क्षेत्राची पुढची सगळी वळणे त्यानेच ठरवली.

२००५ चा प्रयोग पाहिला की हे पटते. चांदीचा ३५ नॅनोमीटर जाडीचा थर आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वापरून ६० नॅनोमीटर रुंदीच्या रेषा वेगळ्या उमटवल्या गेल्या. यश मोठेच होते. पण चांदीत फक्त विद्युत प्रतिसाद ऋण होता आणि प्रतिमा थराला अगदी चिकटून मिळत होती. नावही बदलले : 'परिपूर्ण' गेले, 'सुपर' आले.

२००६ च्या अदृश्यतेच्या आवरणाची चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत गेली. ते मायक्रोवेव्हसाठी होते, एका प्रतलापुरते आणि वारंवारितेच्या अरुंद पट्ट्यातले. तीच फट ठेवलेली कडी नॅनोमीटरच्या मापात आणली की दृश्य प्रकाशाला जमेल, ही आशा मात्र पुरी झाली नाही. त्या वारंवारितांना धातूतले इलेक्ट्रॉन मागे पडतात, चुंबकीय प्रतिसाद थकतो आणि शोषण वाढते.

म्हणून वाट दोन दिशांनी बदलली. जाड पदार्थाऐवजी एकच पातळ थर, आणि धातूऐवजी सिलिकॉन किंवा टायटॅनियम डायऑक्साइड. २०११ मध्ये अमेरिकेत अपवर्तनाचा नियम अशा पृष्ठभागासाठी नव्याने लिहिला गेला : पृष्ठभागावरची रचना जागोजागी प्रकाशाची कला (तरंग चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलते, आणि त्यावरून किरणाची दिशा ठरते. २०१६ मध्ये ६०० नॅनोमीटर उंचीच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या खांबांपासून दृश्य प्रकाशाची सपाट भिंगे तयार झाली. उभा खांब स्वतःभोवती किती फिरवला आहे, यावर तिथली कला ठरते. २०२२ पर्यंत अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये सपाट भिंगे बाजारात आली.

यांना मेटामटेरियल म्हणावे का, यावर अजून एकमत नाही. ऋण अपवर्तनांक इथे नाहीच. २०१६ ची भिंगे विवर्तनाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे साध्या भिंगाच्या त्या अर्ध्या तरंगलांबीच्या मर्यादेपर्यंत, पोहोचली, ती ओलांडण्याचा त्यांचा दावा नव्हता. त्यांची अडचण रंगाची होती : ४०५, ५३२ आणि ६६० नॅनोमीटर या तीन तरंगलांब्यांसाठी तीन वेगवेगळी भिंगे करावी लागली.