पाणी अडवणं आणि पाण्याला जागा देणं

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि समा भागातली आमची सोसायटी तीन दिवस बेट होऊन बसली. बडोद्यात नदीची धोक्याची पातळी 26 फूट धरतात. तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. पंप बुडाला आणि जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं. चहूकडे पाणीच पाणी, पण घरात प्यायला फक्त दोन कळशा. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून आम्ही दोरीला बादली बांधून गच्चीचं पावसाचं पाणी खाली पोचवत होतो.

पाणी ओसरल्यावर मीटिंग झाली. कंपाउंडची भिंत अडीच फुटांनी वाढवावी, असा ठराव आला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, पण पाऊस आतही पडतोच की. ते पाणी जाणार कुठून?"

सरकारी कागदांत ज्याला सरसकट ‘हवामान बदलाशी अनुकूलन’ म्हणतात, त्यात खरं तर दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि काकूंच्या प्रश्नाने त्या वेगळ्या करून दाखवल्या. एक म्हणजे पाणी अडवणं. दुसरी म्हणजे पाणी येणारच हे धरून घरं, रस्ते, वीज, टाक्या सगळ्याची मांडणी बदलणं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रज्ञ-मंडळाच्या 2019 च्या महासागरांवरच्या अहवालात किनाऱ्यांसाठी बचाव, सामावून घेणं, समुद्रात पुढे सरकणं, मागे हटणं असे वेगवेगळे मार्ग मांडले आहेत. शास्त्रज्ञ हे सगळेच अनुकूलनात धरतात. तरीही पैसा कुठे घालायचा हे ठरवताना पहिल्या दोहोंची सरमिसळ महागात पडते.

मालदीवची राजधानी माले घ्या. देशातली बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरही उंच नाही. एप्रिल 1987 मध्ये दूरच्या वादळांनी उठवलेल्या लाटा मालेत शिरल्या. तोवर शहर वाढवण्यासाठी किनाऱ्यालगतच्या उथळ प्रवाळावर भराव टाकून झाला होता. लाट त्या उथळ प्रवाळावर फुटायची, तिचा जोर तिथेच मोडायचा. ती जागा बुजली आणि लाट थेट घरांपर्यंत आली. मग जपानच्या मदतीने शहराभोवती काँक्रीटची संरक्षक भिंत उभी राहिली. 2004 च्या त्सुनामीत मालेला बसलेला मार तिने बराच हलका केला, असं मानलं जातं. म्हणजे भिंत निरुपयोगी नाही. दाटीवाटीच्या शहराला दुसरा चटकन उपायही नसतो.

पण भिंत बांधायला एक आकडा लागतो. लाट इतक्या उंचीची येईल, असं गृहीत धरावं लागतं. समुद्र चढत राहिला की तोच आकडा जुना होतो. शिवाय भिंतीला एकच काम येतं. डिसेंबर 2014 मध्ये मालेत खाऱ्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी पाणी पाठवलं, आयएनएस सुकन्या हे जहाज पाठवलं. ही आपत्ती हवामानाची नव्हती, तरी ती मला फार महत्त्वाची वाटते. भिंतीच्या आत शहर कोरडं आणि सुरक्षित होतं, आणि तहानलेलंही. पाण्याचा एकच स्रोत बिघडला की काय करायचं, याचं उत्तर नियोजनात असावं लागतं. बेटांवर गोड्या भूजलाचा जेमतेम पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, आणि समुद्र चढला की तोही खारावतो. म्हणून छतावरचं पावसाचं पाणी साठवणं तिथे कोणत्याही भिंतीइतकंच मोलाचं ठरतं.

फिजीतल्या अनेक गावांनी समुद्राला भिंती घालून पाहिल्या. लाट भिंतीच्या टोकांना वळसा घालून तिथली माती खाते आणि ओलांडून आत आलेलं पाणी भिंतीमागे साचून राहतं. काकूंचा प्रश्न हाच! आता तिथे काही ठिकाणी मोठे दगड, खारफुटी आणि वाळ्याची लागवड यांचे बांध घालतात. तोच वाळा, जो आपण उन्हाळ्यात माठात टाकतो. त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

वुनिडोगोलोआ गावाने मात्र 2014 मध्ये पूर्ण जागाच बदलली. सगळं गाव सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर गेलं. प्रशांत महासागरातल्या तुवालू या छोट्या देशाने उलट आपल्या राजधानीत, फुनाफुतीत, समुद्रात भराव घालून सुमारे 780 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद जमीन उभी केली. ती भिंतीसारखी दिसते, पण 2100 नंतरच्या समुद्रपातळीचा आणि वादळी लाटांचा हिशेब करूनच तिची उंची ठरवली आहे. आकडा तिलाही लागला, फक्त तो येणाऱ्या काळाचा धरला. म्हणून नुसत्या बांधकामाकडे बघून ते अडवणं आहे की जागा देणं, हे ठरवता येत नाही. पाणी ठरवलेल्या आकड्यापलीकडे गेलं तर काय होईल, हे विचारल्यावरच फरक कळतो.

आपल्याकडे विश्वामित्रीच्या काठची कोतरं, म्हणजे काठावरच्या खोल घळी, मालेच्या त्या प्रवाळासारखीच आहेत. पूर आला की पाणी त्यांत पसरतं. मगरीही तिथेच असतात. जिथे कोतरांवर भराव पडला, तिथलं पाणी वस्तीत शिरतं. भुखी, रूपारेल, मसिया या कांसांचंही, म्हणजे शहरातलं पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचंही, तेच. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीइतकाच या कांसांचा प्रश्न होता. 2025 च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र खोल-रुंद करण्याचं काम झालं. ते हवंच होतं. पण पात्र कितीही रुंद केलं तरी त्याला एक मर्यादा असते, आणि त्यापुढचं पाणी मावणार कुठे, हे नकाशावर आखून ठेवायला हवं. ती जागा मोकळी ठेवण्याइतकी हिंमत नगररचनेत हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या सोसायटीत मीटर आणि पंप पहिल्या मजल्यावर गेले. गच्चीवर पावसाच्या पाण्याची वेगळी टाकी बसली. मागच्या कोपऱ्यातली फरशी उखडून तिथे शोषखड्डा केला. तळमजल्यावरच्या दोन घरांचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. भिंतीचा ठराव वहीत तसाच आहे.