बिनपंख्याच्या लॅपटॉपची पार्श्वभूमी

लॅपटॉप आधी आला, त्यातला पंखा नंतर. 1983 सालचा टीआरएस-80 मॉडेल 100 चार पेन्सिल सेलवर चालायचा आणि बातमीदार तो काखेत मारून हिंडायचे. इतक्या थोड्या विजेवर चालणारं यंत्र तापणार तरी किती? पंखा शिरला तो नव्वदच्या दशकात, पेंटियमसारख्या तापट चिपांबरोबर.

चिपची उष्णता पंख्यापर्यंत नेणारी तांब्याची चपटी नळी, म्हणजे हीटपाइप, मात्र त्याहून जुनी. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांना तिचं पेटंट 1944 मध्ये मिळालं, पण ते तसंच पडून राहिलं. 1963 मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातल्या अणुऊर्जेच्या कामासाठी ती स्वतंत्रपणे शोधली. हीटपाइप हे नावही त्यांनीच दिलं. लॅपटॉपमधल्या नळीतली हवा काढून घेतलेली असते; आत थोडंसं पाणी आणि भिंतीला सच्छिद्र अस्तर. दाब कमी असल्यामुळे पाणी शंभर अंशांची वाट न पाहता उकळतं. वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं ते अस्तरातून माघारी येतं. ना मोटर, ना आवाज. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच नळी.

पण नळी उष्णता फक्त हलवते, ती शेवटी हवेत सोडावीच लागते. म्हणून लॅपटॉप खरा शांत झाला तो चिपच कमी तापू लागल्यावर. 2002 चा पेंटियम 4-एम 30 ते 35 वॅटचा होता, तर 2014 चा कोअर एम फक्त 4.5 वॅटचा. त्यावर ॲपलने 2015 मध्ये पंखा नसलेला मॅकबुक काढला; वेग बेताचाच होता. 2020 च्या, ॲपलच्याच एम1 चिपवर चालणाऱ्या बिनपंख्याच्या मॅकबुक एअरने ती तक्रार बरीचशी मिटवली. तरीही जड काम लांबलं की चिप आपला वेग उतरवते, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर लवकरच, कारण भोवतालची हवाच तापलेली असते.

इथेच आवाज न करता वारा खेळवण्याची खटपट सुरू होते. जनरल इलेक्ट्रिकने 2012 मध्ये विद्युतदाबाने हलणाऱ्या पातळ चकत्यांचा भाता दाखवला होता. फ्रोर सिस्टिम्स या कंपनीचा एअरजेट मिनी, म्हणजे पंख्याऐवजी बसवायचा छोटा चपटा भाग, 2022 च्या अखेरीस जाहीर झाला. जाडी 2.8 मिलिमीटर. त्यातले पडदे कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने थरथरतात आणि हवा ओढून 5.25 वॅट उष्णता बाहेर टाकतात. त्यासाठी कमाल एक वॅट वीज तो स्वतः घेतो.