फेडरलिस्ट पेपर्स

अमेरिकेच्या नियोजित संविधानाची बाजू मांडणाऱ्या ८५ लेखांची माला. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ती ‘पब्लिअस’ या एकाच टोपणनावाने लिहिली. पहिला लेख २७ ऑक्टोबर १७८७ रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आला.

फिलाडेल्फियात तयार झालेला मसुदा अमलात येण्यासाठी तेरापैकी नऊ राज्यांची मंजुरी हवी होती. न्यूयॉर्कमध्ये विरोध कडवा होता. केंद्र प्रबळ झाले की राज्ये नावापुरती उरतील, असे ‘ब्रूटस’सारखे टोपणनावाने लिहिणारे विरोधक बजावत होते. लेखमाला हे त्यांना दिलेले उत्तर होते. म्हणून विरोधकांचे लेख शेजारी ठेवल्याशिवाय तिचा अभ्यास एकांगीच राहतो. ही वकिली आहे, तटस्थ भाष्य नव्हे. ८४व्या लेखात हॅमिल्टन हक्कांची वेगळी सनद अनावश्यक, किंबहुना धोक्याची ठरवतो. पण १७९१ मध्ये ती सनद आलीच, आणि तिच्या दुरुस्त्या काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, मांडल्या होत्या मॅडिसनने! ५४व्या लेखात राज्यांचे प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश धरण्याचे समर्थन आहे, तेही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका काल्पनिक रहिवाशाच्या तोंडून. ही पळवाट नजरेआड करू नये.

अभ्यासक्रमांत सर्वाधिक वाचला जातो तो दहावा लेख. लोकशाही लहान राज्यातच टिकते, हा रूढ समज मॅडिसन त्यात उलटवतो. गटबाजी नष्ट करायची तर स्वातंत्र्यच नष्ट करावे लागेल. त्यापेक्षा प्रजासत्ताक एवढे विस्तीर्ण असावे, की कोणत्याही एका गटाला सहजी बहुमत जमवता येऊ नये. सत्तेच्या शाखांनी एकमेकींना आवर घालण्याचा विचार ५१व्या लेखात, तर न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे संविधानविरोधी कायदे रद्द ठरवण्याच्या न्यायालयांच्या अधिकाराचा, ७८व्यात येतो.

बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये किरकोळ शब्दांच्या वारंवारतेचे गणित मांडून कौल मॅडिसनच्या बाजूने दिला. संख्याशास्त्राचे विद्यार्थीही ही माला चाळतात ते यामुळेच.

तिच्या तात्कालिक परिणामाबद्दल मात्र अतिशयोक्तीच फार होते. न्यूयॉर्कच्या मतदारांनी मंजुरी परिषदेवर विरोधकच बहुसंख्येने निवडून पाठवले. २६ जुलै १७८८ रोजी ३० विरुद्ध २७ मतांनी मंजुरी मिळाली, तोवर दहा राज्यांनी होकार दिलेला होता. बाहेर राहण्याची भीती लेखांहून प्रभावी ठरली असावी. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, कधी एकाच खटल्यात परस्परविरोधी बाजूंनी, पब्लिअसचा दाखला देऊ लागले.