सिझर काय पोरीच मागतात?

नागपुरात महाल भागातल्या ओट्यावर हे वाक्य तयारच असते: ‘आजकालच्या पोरींले कळाच नको, म्हणून सिझर मागतात.’

तसे नाही. 2011 मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात सिझर हवे म्हणणाऱ्या साधारण 16 टक्केच. आधी सिझर झालेल्यांत हे प्रमाण जास्त.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (2019-21) पाहा. देशात सरकारी दवाखान्यांत सिझर 14 टक्के, खासगीत 47. कळा सोसायची ताकद दवाखान्याची पाटी पाहून बदलते होय?

आमची शेजारीण नवव्या महिन्यातही फुटाळा तलावावर चालायला जायची, नॉर्मलसाठीच. बाळ आडवे निघाले, सिझर करावे लागले. सासू अजून सांगते, ‘हिनंच मागतलं.’