डब्ल्यू बोसॉनचं वस्तुमान: एका आकड्यामागची चार दशकं

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाने डब्ल्यू बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान जाहीर केलं: ८०,३६०.२ एमईव्ही (कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या या एककात सांगतात), अनिश्चितता ९.९. हा कण सापडला १९८३ मध्ये. मग तो अजून मोजत का बसायचं, हा प्रश्न कोल्हापुरातल्या एम.एस्सी.च्या वर्गात हमखास येतो. त्याचं उत्तर मागच्या इतिहासात आहे.

बीटा ऱ्हास (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडणं) घडवणारं क्षीण बल आणि विद्युतचुंबकीय बल यांना एका चौकटीत बसवणारी मांडणी ग्लाशो, वाइनबर्ग आणि सलाम यांनी १९६०च्या दशकात उभी केली. डब्ल्यू आणि झेड हे क्षीण बलाचे वाहक. पण माझ्या मते खरी कलाटणी १९७१च्या सुमाराची. या सिद्धान्तातली गणितं अनंतात अडकत नाहीत, हे टी हूफ्ट आणि व्हेल्टमन यांनी तेव्हा सिद्ध केलं. सिद्धान्त नेमकी भाकितं करू लागला, म्हणून नेमक्या मोजमापाला अर्थ आला. १९७३ मध्ये सर्नच्या गार्गामेल बबल चेंबरमध्ये (द्रवातल्या बुडबुड्यांनी कणांचे माग दाखवणाऱ्या टाकीत) झेडची चाहूल लागली, आणि दहा वर्षांनी सर्नमध्येच प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनांच्या टकरींतून दोन्ही कण हाती लागले.

मोजणीचं खरं युग सुरू झालं १९८९ मध्ये. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात ‘लेप’ या सर्नच्या त्वरकयंत्रात इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण पॉझिट्रॉन झेडच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेला एकमेकांवर आदळू लागले. चार प्रयोगांनी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख झेड नोंदवले. त्यांतल्या एल-३ प्रयोगात मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) होती.

पण टकरींची ऊर्जाच पक्की ठाऊक नसेल तर झेडचं वस्तुमान कुठून कळणार? कोल्हापूरच्या उद्यमनगरातला टर्नर गरम जॉबला मायक्रोमीटर लावत नाही, आधी तो गार होऊ देतो. लेपच्या लोकांना ती सोय नव्हती, कारण त्यांचं यंत्र जमिनीतच बसवलेलं आणि जमीन स्वस्थ बसत नव्हती. चंद्राच्या ओढीने भूकवच किंचित फुगायचं, २७ किलोमीटरच्या घेरात जेमतेम मिलिमीटरभर फरक पडायचा आणि ऊर्जा बदलायची. पाऊसपाणी आणि जिनिव्हा सरोवराची पातळी यांचाही परिणाम दिसला. एक गोंधळ मात्र दिवसभर चाले आणि रात्री उशिरा थांबे. तो होता जवळच्या रेल्वेचा: विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपून लेपच्या नळीपर्यंत पोचायचा आणि चुंबकांचं क्षेत्र हलवायचा. हे एकेक हिशेबात धरल्यावर झेडचं वस्तुमान मिळालं: ९१,१८७.५ एमईव्ही, अनिश्चितता २.१. भौतिकशास्त्रातली इतकी चिकाटीची मोजणी मला फार थोडी ठाऊक आहे.

या चिकाटीचं मोल मोठं आहे. थेट न दिसलेल्या जड कणांचाही डब्ल्यू आणि झेडच्या गुणधर्मांवर बारीक परिणाम होतो. त्यावरून टॉप क्वार्क हा मूलकण साधारण किती जड असावा याचा अंदाज आधीच बांधला गेला, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेत तो त्याच आसपास सापडला. हिग्ज बोसॉन फार जड नसणार हेही असंच आधी कळलं होतं.

डब्ल्यूचं काम झेडपेक्षा अवघड. त्याच्या ऱ्हासातून म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि न्यूट्रिनो निघतात, आणि न्यूट्रिनो डिटेक्टरला चकवून निघून जातो. हाती फक्त म्युऑन उरतो. त्याचा संवेग मोजताना दहा हजारांत एक भाग चूक झाली, तरी उत्तरात जवळपास ८ एमईव्हीचा फरक पडतो.

एप्रिल २०२२ मध्ये फर्मिलॅबच्या सीडीएफ गटाने सुमारे ४२ लाख डब्ल्यूंवरून ८०,४३३.५ हा आकडा दिला, अनिश्चितता ९.४. सिद्धान्ताचं भाकीत ८०,३५७च्या आसपास. फरक सात सिग्मांचा, म्हणजे अनिश्चिततेच्या सातपट, म्हणून जगभर खळबळ उडाली. त्यानंतर सर्नच्या अ‍ॅटलास प्रयोगाने ८०,३६६.५ आणि मग सीएमएसने सुरुवातीला सांगितलेला ८०,३६०.२ हा आकडा दिला. दोन्ही सिद्धान्ताच्या बाजूचे. तरी सीडीएफचं मोजमाप मोडीत काढावं असं मला वाटत नाही. ते वर्षानुवर्षं झटून केलेलं आहे, आणि फरक नेमका कशामुळे पडला हे सापडेपर्यंत सीडीएफ आणि सर्न यांच्या आकड्यांची सरासरी काढून भागणार नाही.

सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचे (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या थराचे) सिंटिलेटर, म्हणजे कण गेल्यावर चमकणाऱ्या पट्ट्या, टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठाने घडवले. सीएमएसचा बराचसा डेटा सर्नने सर्वांसाठी खुला केला आहे. झेडचा ऱ्हास दोन म्युऑनांतही होतो, म्हणून त्यातून दोन म्युऑन असलेल्या टकरी निवडायच्या आणि प्रत्येक जोडीचं एकत्रित वस्तुमान काढून आलेख मांडायचा. शिवाजी विद्यापीठातल्या कुठल्याही साध्या लॅपटॉपवर ९१ जीईव्हीपाशी (म्हणजे ९१,००० एमईव्हीपाशी) झेडचा उंचवटा स्पष्ट दिसतो.