‘लग्न कधी, गुड न्यूज कधी’ हे कुठून आलं

पंचविशी आली की ‘स्थळं बघताय ना’ आणि लग्नाला वर्ष झालं की ‘गुड न्यूज कधी’, हे आपल्याकडे मुलींना सरळ विचारलं जातं आणि विचारणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटतही नाही. याची मुळं बघायची तर रखमाबाईंच्या केसपासून बघावं.

11 व्या वर्षी लग्न लावलेलं, त्या नांदायला गेल्याच नाहीत, मग नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1885 ला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला पण अपिलात फिरला, आणि 1887 मध्ये कोर्ट म्हणालं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन! शेवटी 1888 ला 2000 रुपयांवर तडजोड झाली, मग त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. म्हणणं एवढंच होतं की हे लग्न माझ्या मर्जीने झालेलं नाही.

मर्जीचा मुद्दा मात्र मागे पडला आणि भांडण वयावरच होत राहिलं. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय 10 चं 12 केलं तर केवढा गदारोळ, टिळकही विरोधात, कारण पाळी आली की गर्भाधान झालंच पाहिजे असं मानणारे खूप होते, म्हणजे लग्न आणि आईपण एकाच धाग्यात बांधलेलं. आनंदीबाई जोशींचं नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं, बाळ दहा दिवसांत गेलं, हे वाचताना अजूनही पोटात तुटतं. पुढे मुलीच्या लग्नाचं किमान वय शारदा कायद्याने 14, 1978 मध्ये 18, आणि 2021 ला 21 करायचं विधेयक आलं ते लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. आकडा वाढला हे चांगलंच झालं, पण लग्नच नको म्हणणारीला घरात कोणी ऐकून घेईल याची तजवीज कुठल्या कायद्यात असणार?

मूल होऊ द्यायचं की नाही याबाबतीत र. धों. कर्वे खूप पुढचं बोलत होते. 1921 ला मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी प्रोफेसरची नोकरी गेली, त्यांनी आणि मालतीबाईंनी स्वतः मूल न होऊ देण्याचं ठरवलं. सरकारने 1952 पासून कुटुंबनियोजन हाती घेतलं खरं, पण ते लोकसंख्येसाठी, बाईच्या इच्छेसाठी नाही, त्यामुळे ‘हम दो हमारे दो’ मध्ये दोन मुलं धरलेलीच होती आणि एकही नको म्हणणारी बाई त्या पोस्टरवर कधी आलीच नाही.