छातीतला ल्युपस उशिरा का ओळखला गेला?

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. तो म्हटला की गालांवरचे लाल चट्टे आठवतात, फार तर दुखरे सांधे. छातीकडे लक्ष जातं ते शेवटी. वैद्यकाच्या इतिहासातही तसंच झालं.

१८५१ मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी या आजाराला नाव दिलं ते त्वचारोग म्हणून. व्हिएन्नातल्या मॉरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये तो शरीरभर पसरतो आणि जीवही घेतो, हे दाखवलं. पुढे विल्यम ऑस्लर यांनी आतल्या अवयवांचा ल्युपस सविस्तर मांडला. तरी छातीत पाणी झालं की संशय क्षयावरच जायचा. त्यात त्वचेच्या क्षयालाही ल्युपस व्हल्गॅरिस म्हणत, आणि हा ल्युपसही क्षयातूनच होतो असं मानणारे डॉक्टर विसाव्या शतकातही कमी नव्हते.

१९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज यांना एलई पेशी, म्हणजे ल्युपसच्या रुग्णांत दिसणाऱ्या खास पांढऱ्या पेशी, सापडल्या. पाठोपाठ स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) चाचण्या आल्या. चट्टे नसलेला ल्युपसही आता पकडता येऊ लागला, आणि फुफ्फुसावरणाची सूज त्यात किती नेहमीची आहे ते दिसलं. खोल श्वास घेताना छातीत कळ येते, ती बहुधा याच सुजेमुळे. ल्युपस ठरवण्याच्या १९७१ च्या अमेरिकन निकषांत या सुजेला जागा मिळाली.

सगळ्यात चकवणारा प्रकार १९६५ चा. हॉफब्रँड आणि बेक यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ल्युपसच्या अशा रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांना दम लागायचा. पण त्याला पुरेसं कारण फुफ्फुसांत दिसत नव्हतं. एक्स-रेमध्ये फुफ्फुसं लहान, श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) वर चढलेलं. ‘आक्रसणारी फुफ्फुसं’ हे नाव तिथून रूढ झालं. श्वासपटल दुबळं पडतं, की छातीतल्या दुखण्यामुळे श्वासच उथळ होत जातो, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. एक्स-रेत फुफ्फुसं ‘स्वच्छ’ दिसली म्हणून असा दम मनाचा खेळ ठरवणं सोपं, आणि चुकीचं. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांचं चित्र स्पष्ट केल्यावर अचानक लागणाऱ्या दमाचं आणखी एक कारण हाती आलं: फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी.

स्टिरॉइडमुळे रुग्ण वाचू लागले, पण प्रतिकारशक्ती दबल्याने जंतुसंसर्ग वाढला. आपल्याकडे तर क्षय घरोघरी. त्यामुळे ल्युपसच्या रुग्णाच्या छातीत पाणी दिसलं, की स्टिरॉइडचा डोस वाढवण्याआधी डॉक्टर क्षयाची शंका फेडून घेतात.